त्सुयाच्या वाफ्यातली पाच रोपं

फुमियो लग्न होऊन डोंगरातल्या या गावात आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली अठरा वर्षं सासूने तिला परसातल्या उरुइच्या वाफ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. स्वयंपाकघर दिलं, तांदळाच्या कोठीची किल्ली दिली, एकुलता एक लेकही देऊन टाकला म्हणायचा. वाफा मात्र दिला नाही.

उरुइ म्हणजे रुंद पानांचं, सावलीत फोफावणारं झुडूप. शहरातले हौशी लोक त्याला होस्टा म्हणतात, कुंडीत लावतात आणि नुसतं बघत बसतात. इथले लोक इतके श्रीमंत नाहीत, ते खातात. पानझडीच्या दिवसांत पानं पिवळी पडून लोळली की ती कापायची, गड्ड्यांवर वीतभर भाताचं तूस पसरायचं आणि बर्फाच्या हवाली करायचं. एप्रिलमध्ये बर्फ विरघळला की तुसातून पांढरे, कोवळे, जरासे बुळबुळीत कोंब वर येतात. ते उकळत्या पाण्यातून काढून मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात, आणि शिरक्यात कालवले की म्हातारी माणसंसुद्धा दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात.

सासूच्या, त्सुयाच्या वाफ्यात असे चाळीस गड्डे होते. डोंगरावरून आणलेले, दर चार वर्षांनी कुदळीने फोडून पुन्हा लावलेले, गोगलगायी हाताने वेचून सांभाळलेले. लग्नकार्य असो की श्राद्ध, नातेवाईक त्सुयाच्या घरी यायचे ते अर्धे उरुइसाठी.

गेल्या उन्हाळ्यात त्सुयाने अंथरूण धरलं आणि नाइलाजाने वाफा सुनेकडे आला. "एका गड्ड्याचे सगळे कोंब खुडायचे नाहीत," तिने पडल्या पडल्या बजावलं. "तिसरा हिस्सा त्याचा त्याला. आणि घाईघाईने काही करू नकोस, झाड पळून जात नाही."

ऑक्टोबरात फुमियो पिवळी पानं कापायला गेली. एक पान ओढलं तर अख्खा गड्डाच हातात आला, खाली मूळ म्हणून काही नाही. उंदरांनी जमिनीखालून सगळं फस्त केलं होतं. तिने एकेक गड्डा हलवून पाहिला. पाच गेले होते. अठरा वर्षं न मिळालेला वाफा चार महिने हातात काय आला आणि पाच गड्डे गेले! हे सासूला सांगायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या थोबाडीत मारून घेणं.

तिने सांगितलं नाही. गावाच्या वर एक दलदल आहे, तिथे तिने वसंतात तसलीच रुंद हिरवी पानं पाहिली होती. आता ती वाळून जमिनीला चिकटली होती. तिने पाच गड्डे खणले, पोत्यात घालून आणले, रिकाम्या जागी लावले आणि वर तूस पसरून टाकलं. फुमियोचं माहेर समुद्रकाठचं. माशाचे डोळे बघून तो कधी पकडला ते ती सांगायची, पण वाळलेल्या पानातलं तिला काही कळत नव्हतं आणि ते कबूल करायची तिची तयारी नव्हती.

"वाफा झाकला, आई. छान आहे."

त्सुयाने उशीवरून मान वळवली. "सगळे आहेत?"

"सगळे."

मार्चच्या सुरुवातीला, बर्फ अजून छपरावर असताना, त्सुया गेली.

प्रेताला अग्नी देऊन सगळे घरी आले तेव्हा त्सुयाचा धाकटा भाऊ तोकुझो मामा साकेचा दुसरा पेला संपवून म्हणाला, "ताईबरोबर या घरची उरुइ पण गेली म्हणायची. आमच्या सूनबाईंना बांगडा द्या, बांगडा! भाजीपाला तिचं काम नव्हे." सगळे हसले. शिगेतोही हसला, आणि नवऱ्याचं ते हसू फुमियोला मामाच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. तिने त्याच क्षणी ठरवलं की एकोणपन्नासाव्या दिवशी, शेवटच्या जेवणावळीला, याच वाफ्यातली उरुइ, आपल्या एकटीच्या हातची, या सोळाच्या सोळा जणांच्या वाटीत वाढायची. मग बघू कोण हसतं.

आता एकोणपन्नास दिवस मेलेलं माणूस घर सोडत नाही, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराच्या आढ्याशी कुठेतरी ते असतं. रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे पहिल्या वाफेचा भात ठेवतात, पाणी बदलतात. फुमियो हे सगळं नेमाने करत होती. भीती वगैरे तिला काही वाटत नव्हती. सासू जिवंत असताना वाटायची तेवढी तर नाहीच.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी ती परसात गेली आणि थबकली.

तुसातून कोंब दोन-दोन बोटं वर आले होते. आणि वाफ्याकडेच्या वाटेवर पाच गड्डे मुळांसकट उपटून ठेवलेले होते. फेकलेले नव्हते, ठेवलेले होते. सगळ्यांची माती झटकलेली, सगळ्यांचे शेंडे एका दिशेला. जिथून काढले होते तिथे तूस पुन्हा हाताने सारखं केलं होतं. जमिनीवर पहाटेचं पांढरं दव गोठलं होतं आणि त्यावर पावलाची एकही खूण नव्हती.

फुमियोने जागा मोजल्या. तिसऱ्या ओळीत दोन, चौथीत एक, कुंपणाजवळ दोन. तेच पाच.

तिला धसका बसला. भुताचा नव्हे, चोरी पकडली गेल्याचा. कळलं तर म्हातारीला! मेल्यावर का होईना, कळलं. आणि आता सगळ्यांच्या देखत वाटेवर मांडून ठेवतेय! तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून पाचही गड्डे परत जागच्या जागी खोचले आणि पायाने माती दाबली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाहेर होते. या वेळी अर्ध्या वाटेवर, स्वयंपाकघराच्या दाराच्या दिशेने. तिने पुन्हा लावले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर ते उंबऱ्याशीच होते. आत, दाराशेजारी, त्सुयाचे छोटे रबरी बूट कायम असायचे, शिगेतोने ते काढू दिले नव्हते. त्यांच्या तळव्यांना ओला, ताजा चिखल लागला होता आणि चिखलात भाताचं तूस चिकटलं होतं.

"अहो, आईंचे बूट तुम्ही घातले होते का?"

"माझा पाय शिरेल का त्यात?" शिगेतो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

"रोज कोणीतरी वाफ्यातले गड्डे उपटतंय."

"रानडुक्कर असेल."

"रानडुक्कर ओळीत मांडून ठेवतं?"

"नीटनेटकं असेल बिचारं." मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर त्याने पेपर खाली घेतला. "किती गड्डे?"

"चार-पाच."

"कुठले?"

इथे ती बोलू शकली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. "असेच, इकडचे तिकडचे," ती म्हणाली आणि चहाची भांडी उचलून आत गेली.

त्या दिवशी तिने फोटोपुढे भात ठेवला आणि प्रथमच बोलली. "आई, चुकलं माझं. पण मामांसमोर माझं नाक कापू नका. एवढं जेवण पार पडू द्या, मग हवं तर सगळा वाफा उपटा." फोटोतल्या त्सुयाने नेहमीसारखं ओठ मिटून पाहिलं. त्या खोलीला उदबत्तीचा वास असायचा. आज तिथे ओल्या तुसाचा वास येत होता, पावसाळी खळ्यावर येतो तसा. फुमियोने खिडकी उघडली. वास गेला नाही.

चौथ्या दिवशी तिने गड्ड्यांच्या बुंध्यांशी नदीतले गोटे रचून ठेवले, प्रत्येकाला तीन. पाचव्या दिवशी गोटे बाजूला काढून, लहान-मोठे लावून, एका रांगेत ठेवलेले होते. गड्डे उंबऱ्याच्या आत होते. दाराला आतून कडी होती. आता मात्र फुमियो घाबरली. ती तिथेच बसली आणि तिच्या लक्षात आलं की उंबऱ्यावर मातीचा कणही सांडलेला नाही. त्सुयाला घरात आणलेल्या मातीचा तिटकारा होता.

पण भीतीबरोबर तिला रागही येत होता आणि राग वरचढ ठरला. अठरा वर्षं जगू दिलं नाही, आता मेल्यावर सुद्धा! तिने दात ओठ खाऊन पाचही गड्डे पुन्हा लावले. उपटायचं आणि लावायचं, त्या दोघींचं हे भांडण रोज चालू राहिलं, एका शब्दाशिवाय. खरं तर इतकी वर्षं त्या अशाच भांडत आल्या होत्या.

जेवणावळीच्या आदल्या दिवशी शेजारची मासुए कुंपणापाशी आली. पासष्टीची, हाताने खमकी आणि तोंडाने त्याहून. "उद्या किती वाजता येऊ भाजी निवडायला?"

"नको वहिनी, मी करीन."

"सोळा माणसांचं? एकटी? अगं, सातव्याचा असो की एकोणपन्नासाव्याचा, स्वयंपाकाला शेजारच्या बायका येतात, ही रीत आहे. तू काय खानावळ काढलीस?"

"आईंसाठी मलाच करायचंय."

मासुएने तिच्या खांद्यावरून वाफ्याकडे बघायचा प्रयत्न केला. फुमियो सरकून मध्ये उभी राहिली. "ठीक आहे बाई," मासुए म्हणाली, "तुझी सासू तुझी," आणि फणकाऱ्याने गेली.

तेवढ्यात खांबावरचा गावाचा भोंगा खरखरला. दर एप्रिलला रोज दुपारी तो तेच सांगतो: रानभाजी ओळख पटल्याशिवाय खाऊ नका, बाइकेइसो ही विषारी वनस्पती उरुइसारखीच दिसते, दर वर्षी माणसं दगावतात. फुमियोने ते एकोणीस वसंतांत रोज ऐकलं होतं. आपली भाजी रानातली नाही, वाफ्यातली आहे, असं तिला वाटलं असावं. तेवढंही वाटलं की नाही कोण जाणे. तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात भोंगा बुडून गेला.

मग तिने सुरी घेतली. जे कापून टाकलं ते कुणाला उपटता येत नाही, असा तिचा हिशेब. चांगल्या गड्ड्यांचे दोन हिस्से कोंब घेतले आणि त्या पाचांचे सगळेच्या सगळे, जमिनीलगत, रागारागाने. सगळे एकाच टोपलीत पडले, सगळे पांढरे, सगळे टवटवीत. धुवून, उकळून, तीन-तीन कोंब एकत्र घेऊन तिने त्यांच्या गाठी वळल्या. त्सुया अशाच गाठी वळायची. अठरा वर्षं बघून बघून हात शिकला होता. गाठी सुरेख झाल्या. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला भिक्षू आले. पाहुण्यांसाठी पुढच्या खोलीत दोन रांगांत चौरंग मांडले होते आणि प्रत्येकावर वाट्या आधीच वाढलेल्या होत्या. त्सुयाचं छोटं ताट तिच्या फोटोपुढे होतं, वाट्या तिच्याकडे तोंड करून, जेवणाच्या कोरड्या काड्या वाटीवर आडव्या. सगळ्यात आधी तिचं जेवण, मग इतरांचं. मंत्र बराच वेळ चालला. मंत्राला ताल धरणारा पोकळ लाकडी मासा टोक टोक वाजत होता. ओल्या तुसाचा वास आज इतका दाट होता की भिक्षूंनी एकदा मध्येच नाक आक्रसलं.

मंत्र संपला. घरची सून म्हणून ताट आवरायला फुमियो पुढे सरकली आणि तिने वाटीत पाहिलं.

गाठ सुटलेली होती.

दोन कोंब वाटीत होते. तिसरा बाहेर काढून ताटाच्या काठावर ठेवला होता, आणि नुसता ठेवला नव्हता. त्याचं गुंडाळलेलं पान उलगडून, सपाट करून पसरलं होतं, अक्षरं न येणाऱ्या माणसाला पुस्तक दाखवावं तसं. काड्यांच्या टोकांना मिसो लागला होता.

शेजारी शेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही दिसलं असतं. वाटीतल्या पानांना लांब देठ होता आणि मधल्या जाड शिरेपासून बाकीच्या शिरा फुटत होत्या. पसरलेल्या पानाला देठच नव्हता. त्याच्या सगळ्या शिरा बुडापासून टोकापर्यंत शेजारून शेजारून जात होत्या, आणि पान घडीच्या पंख्यासारखं चुण्याचुण्यांचं होतं.

भोंग्याचा खरखरीत आवाज तिच्या डोक्यात स्पष्ट बोलला. बाइकेइसो.

मग एका दमात सगळं कळलं. वाटेवर, अर्ध्या वाटेवर, उंबऱ्यावर, उंबऱ्याच्या आत. म्हातारी तिची चोरी चव्हाट्यावर मांडत नव्हती. म्हातारी रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, कुणाला न कळू देता तिची चूक निस्तरत होती. आणि ही रोज सकाळी उठून विष परत जमिनीत खोचत होती.

"वा, वा!" मागून तोकुझो मामाचा आवाज आला. "गाठी तर अगदी ताईसारख्या वळल्यात!" सगळ्यांच्या हाती साकेचे पेले येईपर्यंत थांबणाऱ्यांतला तो नव्हता. फुमियो वळली तेव्हा त्याच्या काड्या रिकाम्या होत्या आणि जबडा हलत होता. "जरा कडसर आहे, पण मुलीनं केलंय हो. मी शब्द मागे घेतो. ऐकलं का सगळ्यांनी? मागे घेतो!"

सगळ्यांनी काड्या उचलल्या. शिगेतोने बायकोकडे बघून मान डोलावली, कौतुकाने.

हेच ऐकायला ती एकोणपन्नास दिवस थांबली होती. क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या मनात आलं की मिसो नासलाय म्हणून वाट्या गोळा कराव्यात. माशी पडली म्हणावं. कुणाला काही कळणार नाही. पण मामाच्या पोटात गेलं होतं. काय गेलंय ते सांगितलं नाही तर त्याला पोट बिघडलं म्हणून अंथरुणात झोपवतील आणि दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी, तासाभरावर होता.

"खाऊ नका!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने की भिक्षूंच्या हातातून मासा वाजवायचा टोला पडला. "कुणी खाऊ नका! मामा, थुंका ते!"

"काय? काय झालं?"

"बाइकेइसो आहे त्यात. मी लावली. उंदरांनी आईंचे पाच गड्डे खाल्ले, मी कुणाला सांगितलं नाही, दलदलीतून आणून लावले. मला ओळखता येत नाही. मला काहीही ओळखता येत नाही! थुंका, मामा, पाया पडते तुमच्या!"

मग पाहुण्यांत बसलेली मासुए उठली, एकटीने सोळाच्या सोळा वाट्या मोजून उचलल्या, कुणाकुणाच्या गाठी सुटल्या आहेत ते बघितलं आणि म्हणाली, "फक्त तोकुझोची. शिगेतो, गाडी काढ. बघत काय बसलास?"

वाटेत मामाला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची नाडी चाळिसावर आली होती आणि ओठ निळे पडले होते. काय खाल्लं, किती खाल्लं, हे माहीत होतं म्हणून लगेच उपाय सुरू झाले, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवसांनी तो घरी आला. सूनबाईंबद्दल तो पुढे कधीही काही बोलला नाही, आणि तोकुझो मामाने न बोलणं काय असतं ते जो त्याला ओळखतो त्यालाच कळेल.

त्या दिवशी पाहुणे उपाशीच गेले. जाताना तिला कुणी वाईट बोललं नाही. शिगेतोने फक्त विचारलं, "मी तुला विचारलं होतं ना, कुठले म्हणून?"

पन्नासाव्या दिवशी फुमियो उजाडताच परसात गेली. दव पांढरं होतं. वाफा काल होता तसाच होता. कापलेले पाच बुंधे तुसात जागच्या जागी होते, वाटेवर काही नव्हतं, उंबऱ्यावरही काही नव्हतं. घरातला तुसाचा वासही गेला होता. ती वाट बघत उभी राहिली. ऊन डोंगरावरून खाली आलं तरी उभी होती. कुणीही आलं नाही आणि आता कुणी येणार नव्हतं.

तिने कुदळ घेतली आणि पाचही बुंधे मुळांसकट काढले. तिसरा काढताना तिला रडू फुटलं. अंत्यविधीलाही ती रडली नव्हती, आता मात्र हुंदके आवरेनात. तिला सासूची आठवण येत होती. असं काही होईल असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. उरलेले पस्तीस गड्डे तिने पान उलगडून उलगडून तपासले. सगळे देठवाले वाटत होते. मग पुन्हा तपासले. मग वाटलं, मला वाटून काय उपयोग.

कुंपणापलीकडे मासुए कपडे वाळत घालत होती. मघापासून तिने एकदाही इकडे पाहिलं नव्हतं, मुद्दामच.

"वहिनी," फुमियोने हाक मारली. आवाज फाटलेला होता. "जरा येऊन बघता का? हे सगळे बरोबर आहेत की नाही, मला कळत नाहीये."

मासुएने हातातला टॉवेल दोरीवर नीट पसरला, चिमटा लावला आणि कुंपणाचं फाटक ढकलून ती आत आली.